हिमनदीत भोक पाडायची यंत्रं (आइस ड्रिल)

हिमनदी किंवा ध्रुवाकडच्या जाड बर्फात खोल भोक पाडायला जी साधनं लागतात त्यांना सरसकट आइस ड्रिल म्हणतात. मुंबईत सोसायटीत बोअर मारायला गाडी येते, ती काळा पाषाण फोडत जाते, कंप्रेसरच्या हवेने भुकटी बाहेर उडवते आणि एकदा पडलेलं भोक वर्षानुवर्षं तसंच राहतं. बर्फाचं नेमकं उलटं. कापायला सोपा, पण कापलेला चुरा परत एकमेकाला चिकटून गोठतो आणि ड्रिल जाम करतो, शिवाय काही शे मीटर खाली गेलं की वरच्या बर्फाच्या वजनाने भोकच हळूहळू मिटायला लागतं, कारण दाबाखाली बर्फ वाहतो. म्हणून चुरा काढायचा कसा आणि भोक उघडं ठेवायचं कसं, या दोन गोष्टी सुटल्या तरच यंत्र कामाचं.

सुरुवात लोखंडी सळयांनी झाली. लुई अगासी या स्विस शास्त्रज्ञाने १८४२ मध्ये स्वित्झर्लंडच्या उंटरआर हिमनदीत सुमारे ६० मीटरपर्यंत भोक पाडलं होतं, तेही हाताने! आजही उथळ कामाला हाताने फिरवायचा ऑगर (स्क्रूसारख्या पात्याचा गिरमिट) चालतो.

आपल्याकडे सगळ्यात जास्त उपयोगाचं म्हणजे स्टीम ड्रिल, आणि माझ्या मते याच्याबद्दल फार कमी लिहिलं जातं. मुंबईतनं कितीतरी ग्रुप हिमाचलमधल्या हमता पासला जातात, छत्रूला उतरतात आणि गाडीने चंद्रतालकडे निघतात, त्या वाटेवर चंद्रा नदीच्या पलीकडे छोटा शिग्री ही हिमनदी आहे, तिथे २००२ पासून दर वर्षी बर्फ किती घटला ते मोजतात. स्टीम ड्रिल म्हणजे गॅसच्या बर्नरवर छोटा बॉयलर, त्यातनं निघणारी जाड आवरणाची नळी आणि टोकाला नॉझल, बस एवढंच. नॉझल बर्फावर धरला की वाफेने बर्फ वितळत जातो आणि साधारण १० मीटरपर्यंत बारीक भोक पडतं. त्यात एकाला एक जोडलेले बांबू सोडतात. पुढच्या वेळी बांबू किती उघडा पडलाय ते टेपने मोजायचं, तेवढा बर्फ तिथला गेला. इतकं सरळ मोजमाप आहे, आणि सगळं सामान माणसांच्या पाठीवर वर नेता येतं ही यातली खरी गंमत. स्पितीत सुत्री ढाका हिमनदीजवळ भारताचं हिमांश हे संशोधन केंद्र २०१६ मध्ये सुरू झालं, तिथल्या साधनांतही स्टीम ड्रिल आहे.

जुन्या हवामानाचा अभ्यास करायचा तर भोक नाही, आतला बर्फ हवा असतो. त्याला कोअर ड्रिल. ही पोकळ नळी असते, तोंडाशी कटर, ते कडेकडेने गोल कापतात आणि मधला दांडा, म्हणजे कोअर, नळीत सरकतो, चुरा वेगळ्या कप्प्यात जातो. मोटर खालीच, ड्रिलमध्येच, सगळं एका केबलला लटकलेलं. आता मोटर कटर फिरवणार तर वरचा भाग उलटा फिरून केबलला पीळ बसणार, म्हणून वरच्या बाजूला पोलादी पट्ट्या असतात त्या भोकाच्या भिंतीला दाबून धरतात. दोन-तीन मीटर कापलं की विंचने (केबल गुंडाळणाऱ्या यंत्राने) अख्खं ड्रिल वर ओढायचं, कोअर काढायचा, परत सोडायचं. भोक मिटू नये म्हणून त्यात गोठणार नाही असं द्रव भरतात, बऱ्याचदा रॉकेलसारखं तेल, पण ते बर्फापेक्षा हलकं पडतं म्हणून त्यात जड रसायन मिसळून वजन बर्फाच्या जवळ आणतात.

तरी घोळ होतातच. अंटार्क्टिकात डोम सी इथे पहिलं भोक ७८८ मीटरवर ड्रिल अडकल्यामुळे सोडून द्यावं लागलं, मग शेजारी नव्याने सुरुवात केली आणि डिसेंबर २००४ मध्ये ३२७० मीटर गाठलं. त्या बर्फातनं आठ लाख वर्षांचा हवामानाचा इतिहास मिळाला, त्यात अडकलेल्या बुडबुड्यांत तेव्हाची हवा आहे! तळाजवळ बर्फ वितळायच्या बेताला आलेला असतो, तिथे चुरा जास्तच चिकटतो आणि प्रगती अगदी मंद होते.

कोअर नको, फक्त भोक हवं, तेही पटकन, तर गरम पाण्याचं ड्रिल. पाणी तापवून जोरात नळीतनं खाली सोडतात. दक्षिण ध्रुवावर आइसक्यूब या न्यूट्रिनो (जवळजवळ सगळ्यातून आरपार जाणारे सूक्ष्म कण) टिपणाऱ्या वेधशाळेसाठी असं करून सुमारे अडीच किलोमीटर खोल ८६ भोकं पाडली, काम डिसेंबर २०१० मध्ये संपलं. सेन्सरच्या माळा सोडल्या की पाणी आपोआप गोठून त्या कायमच्या बंद.

बर्फाखालच्या तलावांसाठी मात्र स्वच्छतेचा मुद्दा मोठा आहे. अंटार्क्टिकातल्या व्होस्तोक तलावापर्यंत रशियन पथक फेब्रुवारी २०१२ मध्ये पोचलं, पण भोकात रॉकेल आणि फ्रिऑन (ते जड करायचं रसायन) होतं, त्यामुळे वर आलेल्या नमुन्यात खरंच तलावातलं काय आणि ड्रिलबरोबर गेलेलं काय यावर वाद झाला. अंटार्क्टिकातल्याच व्हिलन्स तलावासाठी अमेरिकन पथकाने जानेवारी २०१३ मध्ये सुमारे ८०० मीटर बर्फातनं गरम पाण्यानेच भोक पाडलं, ते पाणी आधी गाळून आणि अतिनील किरणांखालून नेऊन, आणि तिथल्या पाण्यात जिवंत सूक्ष्मजीव सापडले.