पर्जन्यछाया : कोल्हापूर जिल्हा

पर्जन्यछाया : डोंगररांगेच्या वाऱ्याकडील बाजूस भरपूर पाऊस पडतो आणि पलीकडे तो झपाट्याने कमी होत जातो. पलीकडच्या या कमी पावसाच्या पट्ट्याला पर्जन्यछाया म्हणतात. कोल्हापूर जिल्ह्यात ती फार थोड्या अंतरात पाहायला मिळते. सह्याद्रीच्या कड्यावरील गगनबावड्यात वर्षाला सरासरी ५,००० मिमी.च्या आसपास पाऊस पडतो. तेथून रस्त्याने सुमारे ५५ किमी. पूर्वेस असलेल्या कोल्हापूर शहरात तो १,००० मिमी.च्या घरात येतो, तर कृष्णाकाठच्या शिरोळ तालुक्यात ५०० ते ६०० मिमी. इतकाच भरतो. पश्चिमेला जांभ्याची तांबडी माती, भात आणि नाचणी. पूर्वेला काळी जमीन, सोयाबीन, तंबाखू आणि नदीच्या पाण्यावरचा ऊस, अशी शेतीची विभागणीही यातूनच झाली आहे.

‘घाटावर ढग रिकामे होतात, म्हणून पुढे पाऊस उरत नाही’ असे स्पष्टीकरण सर्रास दिले जाते. ते अपुरे आहे, आणि साध्या आकडेमोडीतही टिकत नाही. जुलैत कोकणातील हवेचे तापमान २८° से. आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतील बाष्पाचे पाणी होऊ लागते तो) २५° से. धरू. दोहोंतील प्रत्येक अंशाच्या फरकामागे हवेला सुमारे १२५ मी. वर चढावे लागते, तेव्हा तिच्यातील बाष्पाचे थेंब होऊ लागतात. म्हणजे ढगाचा तळ ३७५ मी.च्या आसपास येतो. कोकणातून गगनबावड्याकडे करूळ घाट चढणारी गाडी मध्येच ढगात शिरते ती यामुळे. या उंचीवर हवा २४° से.च्या थोडी वर असते आणि तिच्या प्रत्येक किलोग्रॅममध्ये सुमारे २० ग्रॅम बाष्प असते. ढगाबाहेर हवा दर किलोमीटरला ९·८° से. थंड होते, ढगात मात्र बाष्पाची सुप्त उष्णता मोकळी होत असल्याने ही घट निम्म्यावर येते. ९०० मी.पर्यंत चढलेली हवा साधारण २२° से.ची असते आणि तिच्यात साडेअठरा ग्रॅम बाष्प मावते. फरक उरला दीड ग्रॅमचा. घाट ओलांडून कोल्हापूरकडे निघालेल्या हवेत नव्वद टक्क्यांहून अधिक बाष्प तसेच असते.

दीड ग्रॅम पाणी किरकोळ वाटते, पण हवा थांबत नाही. १ किमी. जाडीचा थर सेकंदाला १० मी. वेगाने कड्यावर चढत असेल, तर कड्याच्या दर मीटर लांबीवरून सेकंदाला सुमारे ११,००० किग्रॅ. हवा जाते आणि तिच्यातून १६ ते १७ किग्रॅ. पाणी सुटते. ते २० किमी. रुंदीच्या पट्ट्यावर पसरले की तासाला ३ मिमी., दिवसाला ७० मिमी. पाऊस होतो. घाटमाथ्यावरची दिवसेंदिवस न थांबणारी झड ही अशी, बिनवादळी. यात सगळे पाणी खाली पडते असे गृहीत धरले आहे. प्रत्यक्षात काही भाग ढगातच पुढे वाहून जातो. दिवसाला २०४·५ मिमी. किंवा त्याहून अधिक, म्हणजे हवामान खात्याच्या भाषेत ‘अत्यंत जोरदार’ पाऊस व्हायला केवळ डोंगराची चढण पुरत नाही. पश्चिम किनाऱ्यालगत कमी दाबाची लांबट द्रोणी आणि त्याच वेळी बंगालच्या उपसागरातून मध्य भारताकडे सरकणारे कमी दाबाचे क्षेत्र अशी जोडी जमली, की पश्चिमेचा वारा बळावतो, हवा कित्येक किलोमीटर उंच उचलली जाते आणि घाटावर फळी धरल्यासारखा पाऊस कोसळतो.

आता पूर्वेची बाजू. कोल्हापूर शहर समुद्रसपाटीपासून ५५० मी.च्या आसपास आहे. ९०० मी.वरून तिथवर उतरणारी हवा दाबली जाऊन सुमारे साडेतीन अंशांनी तापते आणि तिची सापेक्ष आर्द्रता शंभरावरून ८५ टक्क्यांच्या आसपास येते. ढगातले बारीक थेंब परत बाष्प होतात. बाष्प आहे, पण त्याला वर उचलणारे कुणी नाही, हे पर्जन्यछायेचे खरे कारण. म्हणून जुलैत इचलकरंजी-शिरोळकडे आभाळ भरलेले, कपडे वाळत नाहीत, आणि तरी पाऊस म्हणावा तर नुसती चिरचिर.

छायेची कड कड्यावर लगेच सुरू होत नाही. झिमझिमीचा अर्धा मिमी. व्यासाचा थेंब सेकंदाला सुमारे २ मी. वेगाने खाली येतो. दीड किमी. उंचीवरून निघाला तर जमिनीला टेकायला त्याला साडेबारा मिनिटे लागतात. तेवढ्यात सेकंदाला १२ मी.चा वारा त्याला ९ किमी. पुढे नेतो. राधानगरी-दाजीपूरच्या जंगलपट्ट्याला या वाहून आलेल्या पावसाचा मोठा वाटा मिळतो. वारा मंदावला की हवा कड्यापाशी अडून तुंबते, पावसाचा जोर मागे कोकणाकडे सरकतो आणि घाटमाथ्यावर उघडीप मिळते. पन्हाळा व जोतिबाचा डोंगर छायेच्या वाटेवर असूनही पावसाळाभर धुक्यात राहतात. पन्हाळा कोल्हापूर शहरापेक्षा सुमारे ४०० मी. उंच आहे, आणि घाटाकडून उतरून आलेल्या हवेला तेवढी दुसरी चढण ढग धरायला पुरते.

छाया ऋतूनुसार बदलते, आणि वरील कारणाचा हाच उत्तम पुरावा. शेतकऱ्यांच्या नक्षत्रगणनेतील तरणा (पुनर्वसू) आणि म्हातारा (पुष्य), म्हणजे साधारण संपूर्ण जुलै, हा काळ घाटाचा. पूर्वेकडे तेव्हा फरक सर्वांत मोठा दिसतो. एप्रिल-मेच्या वळवाला मात्र डोंगराची गरज नसते. दुपारी जमीन तापते, अरबी समुद्राकडून व पूर्वेकडून आलेले वारे एकमेकांना भिडतात आणि १२ ते १५ किमी. उंचीचे गडगडाटी ढग उभे राहतात. शिरोळ-हातकणंगलेला तेव्हा तासाभरात जुलैतल्या आठवड्यापेक्षा जास्त पाऊस होऊ शकतो. गारा आणि पाठोपाठ येणारा थंड वाऱ्याचा झोत हे वळवाचे नुकसानकारक भाग. पावसाचे थेंब सुकताना थंड होऊन जड झालेली हवा वरून कोसळते आणि जमिनीवर आडवी पसरते, त्यात पत्रे उडतात व ऊस लोळतो. हस्ताचा, म्हणजे ‘हत्तीचा’ परतीचा पाऊसही याच जातीचा. पूर्व भागाच्या विहिरी बऱ्याच अंशी या दोन पावसांवर अवलंबून असतात.

मोजमाप : पावसाची नोंद सकाळी ८·३० ते दुसऱ्या दिवशीच्या ८·३० अशी होते व ती दुसऱ्या तारखेला मांडली जाते, त्यामुळे ‘आजचा’ आकडा बहुतांशी कालच्या पावसाचा असतो. पर्जन्यमापकाचे तोंड २०० किंवा १०० चौ. सेंमी.चे असते आणि काठ जमिनीपासून ३० सेंमी. उंच ठेवतात. २०० चौ. सेंमी.च्या मापकात ४ लिटरची बाटली २०० मिमी.लाच भरते. गगनबावड्यासारख्या ठिकाणी ती रात्रीतच ओसंडू शकते, म्हणून तेथे १० लिटरची बाटली किंवा १०० चौ. सेंमी.चे तोंड हवे. मोजपात्र मात्र त्याच तोंडाचे वापरावे; अदलाबदल झाली तर आकडा थेट दुप्पट किंवा निम्मा येतो. झाड वा इमारत तिच्या उंचीच्या दुप्पट अंतराच्या आत नसावी. उघड्या कड्यावर उलटी अडचण येते : सोसाट्याचा वारा थेंब मापकाच्या तोंडावरून उडवून नेतो, तेव्हा घाटमाथ्यावरच्या नोंदी खऱ्या पावसापेक्षा कमीच भरतात.

१ चौ. किमी.वर १ मिमी. पाऊस म्हणजे १० लाख लिटर पाणी. तेवढ्या बाष्पाचे पाणी होताना सुमारे सात लाख युनिट वीज भरेल इतकी उष्णता वातावरणात मोकळी होते. तिच्यातील नगण्य भागच, तोही पाण्याच्या उंचीच्या रूपात, धरणांच्या हाती लागतो. सेकंदाला १ घनमीटर पाणी ३० मी. खाली सोडून ८५ टक्के कार्यक्षमतेच्या संचातून नेले, तर २५० किलोवॉट वीज मिळते. राधानगरी धरण भरले की त्याचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबानेच उघडतात, आणि प्रत्येकातून १,४२८ क्युसेक पाणी भोगावतीत येते. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती मिळून होणारी पंचगंगा त्यामुळे शहरात उन्हाची तिरीप असतानाही चढते. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी आहे; २०१९ साली पाणी ५५ फुटांवर आणि २०२१ साली ५६ फुटांवर गेले होते. पंचगंगा जिथे कृष्णेला मिळते त्या नृसिंहवाडीला कृष्णाही भरून वाहत असली की पंचगंगेला पुढे वाट मिळत नाही आणि फुगवटा मागे येतो. जिथे पाऊस सर्वांत कमी, त्या शिरोळमध्ये पूर सर्वांत जास्त दिवस मुक्काम करतो.

कोल्हापूर पद्धतीचे बंधारे पश्चिमेचा पाऊस पूर्वेला पुरवून वापरण्यासाठी आहेत. पावसाळ्याआधी त्यांचे बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) काढतात आणि पावसाचा जोर ओसरल्यावर, साधारण ऑक्टोबरात, पुन्हा बसवतात. दिवस ठरवणे अवघड जाते ते परतीच्या पावसामुळे. बरगे लवकर घातले आणि वरून लोंढा आला, तर पाण्याच्या दाबाखाली ते निघत नाहीत, आणि पाणी बाजूची भर कापून वाट काढते. उशीर केला तर ओसरता प्रवाह तसाच पुढे कर्नाटकात निघून जातो.