कनाल द्यु मिदी की गारोनचा कालवा? सायकलचे टायर निवडण्याआधी वाचा

दक्षिण फ्रान्सच्या तुलूझ शहरात पाँ-ज्युमो नावाची जागा आहे. नावाचा अर्थ जुळे पूल, पण प्रत्यक्षात पूल तीन. गोलसर पाण्याभोवती तीन कमानी आणि प्रत्येक कमानीखालून एक कालवा निघतो. त्यातला ब्रिएनचा कालवा जेमतेम दीड किलोमीटरचा, तो बाजूला ठेवू. उरलेले दोन म्हणजे समुद्राकडे पूर्वेला जाणारा कनाल द्यु मिदी आणि वायव्येला बोर्दोच्या दिशेने जाणारा गारोनचा कालवा. तिसरा पूल या दुसऱ्यासाठीच नंतर बांधला, नाव मात्र कुणी बदललं नाही.

सायकलवाल्यांचा गोंधळही तिथूनच सुरू होतो. भूमध्य समुद्र आणि अटलांटिक जोडतात म्हणून दोघांना मिळून 'दोन समुद्रांचा कालवा' म्हणतात. सायकलमार्गाचं नाव तेच, पाट्याही तशाच. त्यामुळे 'मिदी केला' असं सांगणाऱ्यांपैकी काहींनी खरं तर अर्धाअधिक गारोन केलेला असतो. 'रस्ता झकास, कुठलीही सायकल चालते' हा सल्ला त्यांच्याकडूनच येतो आणि तो चुकीच्या कालव्याला चिकटतो.

मीही त्याच सल्ल्यावर २८ मिमीचे टायर टणक फुगवून निघालो होतो. गारोनच्या काठावर मजा आली. तुलूझ ओलांडून मिदीला लागलो, तिथेही पहिले पन्नासेक किलोमीटर डांबरी आहेत. मग जिल्ह्याची हद्द आली आणि डांबर संपलं. पुढे कुठे दाबलेली बारीक खडी, कुठे नुसती पाऊलवाट. मुळांशी गाठ पडली ती कार्कासोन शहराच्या पुढे. झाडाचं मूळ वाटेला आडवं, मनगटाएवढं जाड, वरची साल चाकांनी घासून गुळगुळीत झालेली. एक ओलांडलं की हातभर अंतरावर दुसरं. तिसऱ्याला मागच्या चाकातून फुस्स आवाज आला. ट्यूब काढून पाहिली तर साप चावल्यासारखी शेजारीशेजारी दोन भोकं.

हा फरक कालव्यांच्या वयातून आलाय. कनाल द्यु मिदीला चौदाव्या लुईने १६६६ साली मंजुरी दिली. बांधणारा पिएर-पोल रिके हा बेझिए गावचा, मिठावरचा कर वसूल करणारा माणूस. खोदायचं सगळे म्हणत होते, पण मधल्या उंचवट्यावर पाणी आणायचं कुठून हे त्याने सोडवलं. माँताञ नुआर या डोंगरातले ओढे वळवून, साँ-फेरेओलला धरण बांधून त्याने नोरूझच्या खिंडीत, १८९ मीटर उंचीवर, पाणी आणून सोडलं. तिथून ते दोन्ही बाजूंना उतरतं. १६८१ च्या मे महिन्यात कालवा खुला झाला. रिके आदल्या ऑक्टोबरमध्येच गेला होता.

त्या काळात डोंगर फोडणं महाग, म्हणून कालवा जमिनीची समपातळी धरून चालतो. टेकडी आली की वळसा. नकाशात तो निवांत सरपटणाऱ्या सापासारखा दिसतो. समोर दिसणाऱ्या चर्चच्या मनोऱ्याला तुम्ही अर्धा तास प्रदक्षिणा घालता आणि तो जवळ काही येत नाही. याच हट्टामुळे आर्जांपासून बेझिएच्या फोंसेरानपर्यंत सुमारे ५४ किलोमीटर एकही लॉक नाही. लॉक म्हणजे दोन दरवाज्यांमधला हौद, ज्यात पाणी भरून किंवा सोडून बोट वरखाली करतात. सायकलवाल्याला लॉकपाशी तेवढा छोटा चढ किंवा उतार मिळतो. इथे तोही नाही. चढ नाही म्हणजे सोपं, असं वाटतं ना? पण उतारही नाही, म्हणजे पाय कधी थांबत नाहीत. त्यात मुळांमुळे सीटवर नीट बसता येत नाही. घाटात मिळते तशी फुकटची विश्रांती इथे कुठेच नाही.

गारोनचा कालवा १८३८ ते १८५६ मधला. तोवर बोटी तुलूझहून पुढे गारोन नदीतूनच जात. अभियंत्यांकडे आता नेमके नकाशे होते, नदीचं सपाट खोरं होतं. त्यांनी रेघ ओढली आणि १९३ किलोमीटर, ५३ लॉक, कास्ते-आं-दोर्तपर्यंत कालवा नेला. आजां गावात तो ५३९ मीटर लांबीच्या दगडी पुलावरून चक्क नदी ओलांडतो. खाली नदी, वर बोट आणि बोटीशेजारून तुम्ही. काठची वाट जवळपास सगळी डांबरी. वेग राहतो, हात दुखत नाहीत आणि खरं सांगायचं तर तिसऱ्या दिवशी कंटाळा येतो. सरळ पाणी, सरळ झाडं, सरळ रस्ता.

या कालव्याचं नशीबही फुटकंच. तो पुरा झाला १८५६ ला आणि बोर्दो ते सेत रेल्वे धावू लागली १८५७ ला. कालवाही त्याच रेल्वे कंपनीच्या ताब्यात गेला. स्पर्धकाच्या हाती गेल्यावर मालवाहतुकीचं काय होणार? आपल्याला मात्र त्याचा फायदा, कारण रूळ जवळूनच जातात. दमलात तर स्टेशन फार लांब नसतं.

आता द्राक्षांचं. 'द्राक्षमळ्यांतून कालव्याकाठी सायकल' हे चित्र मनात असेल तर ते मिदीचं आहे, तेही कार्कासोनजवळच्या त्रेब गावापासून पूर्वेकडचं. उत्तरेला मिनेर्वुआ, दक्षिणेला कोर्बिएर हे वाइनचे मुलूख, मधून कालवा. इथल्या जुन्या वेली मांडवावर नसतात, गुडघ्याएवढ्या बुटक्या झुडपांसारख्या उभ्या असतात. मळ्यांमधून ट्रॅक्टरचे पांढरट चुनखडीचे रस्ते निघतात. माझ्या मते ग्रॅव्हल सायकल, म्हणजे कच्च्या रस्त्यांसाठीची जाड टायरची सायकल, तिथेच सार्थकी लागते. ओम्प गावातून उत्तरेला मळ्यांत शिरा, तासाभराने कालव्याला परत या. नुसता काठ धरून चालणारा अर्धाच प्रदेश पाहतो. सप्टेंबरात तोडणीचे दिवस असतात, तेव्हा ट्रॅक्टरला वाट द्यायची. ते कामावर असतात, आपण नाही.

गारोनकाठी द्राक्षं नाहीत असं नाही. ब्युझेची वाइन तिथलीच, आणि म्वासाकची शासला द्राक्षं तर खाण्याची. १९७१ पासून त्यांना उगमस्थानाचा अधिकृत दर्जा आहे. पण वाटेत बहुतेक मका, सफरचंदं, आलुबुखार. बागायती मुलूख आहे, वाइनचा नाही.

सावलीबद्दल जुन्या माहितीवर विसंबू नका. मिदीच्या काठची प्लेनची झाडं म्हणजे चिनाराची भावंडं, बरीचशी एकोणिसाव्या शतकात लावलेली. तशी सुमारे ४२,००० होती. २००६ मध्ये त्यांच्यावर एक बुरशीचा रोग सापडला. झाड आतून वाळतं, उपाय नाही, म्हणून तोडून जाळतात. ही बुरशी दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी दारूगोळ्याच्या लाकडी पेट्यांतून आली असं मानलं जातं. हजारो झाडं गेली. जागी ओकसारखी दुसरी रोपं लावली आहेत, पण रोपांची सावली सायकलच्या चाकाएवढी. त्यामुळे काही मैल ऊन थेट डोक्यावर. जिथे प्लेनची जुनी झाडं अजून उभी आहेत तिथे सावली आणि मुळं दोन्ही एकत्र मिळतात.

वाराही विचारात घ्या. कार्कासोनच्या बाजूला सेर्स नावाचा वारा वायव्येकडून जोरात वाहतो. म्हणून मी तुलूझहून समुद्राकडे जायला सांगेन, पाठीवर वारा घेऊन. उलटा वाराही असतो, ओतां, आग्नेयेकडून. तो लागला तर लॉकपाशी थांबून बोटी बघा. मिदीचे लॉक अंडाकृती आहेत. बाहेरच्या मातीचा दाब कमानीसारख्या वाकलेल्या भिंतींनी पेलावा म्हणून ते तसे बांधले.

टायरचं आता उघड आहे. गारोनला २८ ते ३२ मिमी पुरे, भरपूर हवेचे. मिदीला निदान ४०, जमलं तर ४५, ट्यूबलेस आणि माझ्या वजनाला हवेचा दाब ३० ते ३५ पीएसआय. पावसानंतर मिदीची चिकणमाती मडगार्डमध्ये अडकून चाक थांबवते, तेव्हा मडगार्ड काढलेले बरे. दोन्ही कालवे सलग करायचे असतील तर जाड टायर घेऊनच निघा. डांबरावर थोडं जड जाईल, पण मिदीवर बेझिएच्या अलीकडे मालपासच्या बोगद्यापाशी थांबायचं ते खाली वाकून पाहायला. त्या टेकडीतून कालवा जातो, त्याच्याही खालून रेल्वे आणि तळं उपसायला तेराव्या शतकात खोदलेला एक पाट. तिथे ट्यूब बदलत बसलात तर हे दिसणार नाही.