क्लच वायर ताणाने तुटत नाही, वाकण्याने तुटते

पेरणीच्या दिवसांत विदर्भातल्या राळेगाव, घाटंजी, पांढरकवडा अशा कुठल्याही गावच्या मिस्त्रीकडे थोडा वेळ बसा, क्लच वायर तुटलेली एखादी तरी मोटरसायकल ढकलत आणलेली दिसेल. गाडीवाल्याचं म्हणणं ठरलेलं असतं: "कालपर्यंत तं बराबर होती ना भाऊ, एकाएकीच तुटली." जमलेल्यांचं निदानही ठरलेलं. कोणी म्हणतं वायर डुप्लिकेट होती, कोणी म्हणतं मागच्या वेळी टाइट करून ठेवली होती. वायर एकाएकी तुटते आणि जास्त ताणल्यामुळे तुटते, या दोन समजुती फार पक्क्या आहेत. दोन्ही चुकीच्या आहेत, आणि त्यांच्यापायी माणसं नवी वायर टाकूनही पुढच्या पावसाळ्यात पुन्हा रस्त्यात उभी राहतात.

आधी ताणाचाच हिशेब करू. क्लचची आतली तार साधारण दोन मिलिमीटर जाडीची, चांगल्या पोलादाची असते. एवढी तार नुसती ओढून तोडायची तर तिला तीनशे किलोच्या वर वजन टांगावं लागेल. क्लच दाबताना आपल्या मुठीचा जोर असतो चार-पाच किलोचा. लिव्हर तो चार-पाच पट वाढवते, म्हणजे तारेवर येतात वीस-पंचवीस किलो. तिच्या ताकदीच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. नुसत्या ताणाचाच प्रश्न असता तर गाडी भंगारात गेली तरी वायर शाबूत राहिली असती.

मग ती तुटते कशानं? यासाठी वायरची रचना बघायला हवी. बाहेरचं काळं प्लॅस्टिक सोललं तर आत पोलादी पट्टीची घट्ट गुंडाळलेली नळी दिसते, आणि त्या नळीतून खरी तार जाते. लिव्हर दाबली की आतली तार ताणली जाते आणि बाहेरची नळी तेवढ्याच जोरानं दाबली जाते. तारेचा ताण आणि नळीचा दाब एकमेकांना तोलून धरतात, म्हणूनच हँडल इकडे-तिकडे वळवलं तरी क्लच आपोआप ओढला जात नाही. अर्नेस्ट मॉनिंग्टन बाउडेन या माणसानं १८९६ साली या रचनेचं पेटंट घेतलं. सायकलच्या ब्रेकपासून मोटरसायकलच्या क्लचपर्यंत आज बहुतेक ठिकाणी तीच आहे.

आतली तार एकसंध नसते. तिच्या एका नेहमीच्या विणीत १९ बारीक तारा असतात: मधे १, तिच्याभोवती ६, त्यांच्याभोवती १२. दोन मिलिमीटरच्या जाडीत आडव्या पाच तारा बसतात, म्हणजे एकेक तार ०.४ मिलिमीटरची. एवढा खटाटोप कशासाठी? तार वाकवली की तिची बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दबते. किती ताणली जाते ते काढायचं गणित सोपं आहे: तारेची जाडी भागिले वाकाच्या त्रिज्येची दुप्पट. पाच सेंटिमीटर त्रिज्येच्या वळणावर दोन मिलिमीटरची एकसंध तार २ टक्के ताणली जाईल. पोलादाला एवढं सोसत नाही, ती कायमची वाकडी होईल. ०.४ मिलिमीटरची तार त्याच वळणावर ०.४ टक्केच ताणली जाते आणि सोडली की पुन्हा सरळ होते. अट एकच: वाकताना १९ तारांना एकमेकींवरून किंचित सरकता आलं पाहिजे.

आता लिव्हरच्या खोबणीत बघा. तारेच्या टोकाला धातूची एक छोटी आडवी गोळी असते, मिस्त्री तिला निप्पल म्हणतात. या निप्पलमध्ये १९ तारा ओतीव धातूनं एकजीव केलेल्या असतात, म्हणजे तिथे त्यांना सरकायला जागाच नाही. निप्पलच्या तोंडाशी १९ बारीक तारा एका जाड तारेसारख्या वागू लागतात. लिव्हर दाबताना वीस-पंचवीस अंशांतून फिरते. निप्पल खोबणीत मोकळी फिरली तर तार सरळच राहते. पण खोबणीत धूळ आणि वाळलेलं ग्रीस बसून निप्पल जाम झाली, तर तो सगळा कोन तारेला तोंडाशीच, सेंटिमीटरभर लांबीत, वाकून काढावा लागतो. प्रत्येक वेळी क्लच दाबला की एकदा वाक, सोडला की एकदा सरळ.

कुंपण करताना जवळ पक्कड नसली की आपण बांधायची तार कशी तोडतो? ओढून कोणी तोडत नाही. एकाच जागी मागे-पुढे वाकवत राहतो, आणि काही वेळानं ती हातातच सुटते. क्लच वायरचं तसंच होतं, फक्त वाक लहान असतो म्हणून वेळ जास्त लागतो. गावातून तालुक्याला, बाजाराला, शेतात जाता-येता दिवसाला क्लच दोनशे वेळा दाबला जातो असं धरलं, तर वर्षाच्या तीनशे दिवसांत ६०,००० वाक होतात.

धातूच्या या दुखण्याला थकवा म्हणतात आणि त्याच्या अभ्यासाला जोर आला तो माणसं मेल्यावर. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या रेल्वेच्या इंजिनाचा आस, म्हणजे दोन चाकं जोडणारा दांडा, मोडला, डबे एकमेकांवर चढून पेटले आणि पन्नासहून जास्त माणसं दगावली. चांगला जाड लोखंडी आस झेपेल एवढ्याच वजनाखाली मोडतो कसा, हे कोडं होतं. पुढे १८५० आणि १८६० च्या दशकांत ऑगस्ट व्होलर या जर्मन अभियंत्यानं आस यंत्रावर फिरवून फिरवून त्याचा छडा लावला. एका झटक्यात तोडायला जेवढा जोर लागतो त्याच्या बराच खालचा जोर, हजारो-लाखो वेळा उलटसुलट दिला, तर धातू तुटतो. पृष्ठभागावर गंजाचा खड्डा किंवा ओरखडा असतो, तिथून डोळ्याला न दिसणारी भेग सुरू होते, प्रत्येक वाकानिशी ती कणभर पुढे सरकते, आणि उरलेला धातू अपुरा पडला की एका क्षणात फटकन तुटतो.

म्हणून "एकाएकी तुटली" हे खरं नाही. आधी एक तार तुटते. तिचा भार उरलेल्या १८ वर जातो. मग दुसरी, तिसरी. भार वाढत जातो आणि तुटण्याचा वेगही. या काळात वायर सांगत असते. लिव्हर वरचेवर सैल होते, दर आठ-पंधरा दिवसांनी अ‍ॅडजस्टर (वायर ताणायचा स्क्रू) फिरवावा लागतो, गिअर टाकताना खटका मोठा येतो, क्लच दाबूनही गाडी पुढे ओढते. रबरी टोपी सरकवून निप्पलजवळ बोट फिरवलं तर तुटलेली तार काट्यासारखी टोचते. टोचली की वायर त्याच दिवशी बदलावी.

वाकण्याचा दुसरा त्रास नळीच्या आत होतो, आणि मला या सगळ्यात तोच सर्वांत देखणा वाटतो. दोरी खांबाला गुंडाळली की दुसऱ्या टोकाचा मोठा ओढा थोड्या जोरानं धरून ठेवता येतो. ऑयलर या स्विस गणितज्ञानं अठराव्या शतकात याचं गणित मांडलं. वळणामुळे ताण किती पट वाढेल ते दोनच गोष्टींवर ठरतं: घर्षणाचा गुणांक (तार नळीला किती धरून घासते त्याचा आकडा) आणि वाकाचा एकूण कोन. दोघांचा गुणाकार करायचा आणि २.७१८ या संख्येला तेवढा घात द्यायचा. वळण मोठ्या त्रिज्येचं की छोट्या, याला या सूत्रात जागाच नाही. कोन तेवढा मोजायचा. लिव्हरपासून इंजिनापर्यंत वायर हँडलखालून वळते, टाकीखालून जाते, पुन्हा खाली वळते. सगळे वाक मिळून १८० अंश धरू, गणिताच्या भाषेत ३.१४ रेडियन. इंजिनाकडे २० किलोचा ओढा हवा आहे. तेल पाजलेल्या वायरचा गुणांक ०.१ धरला तर लिव्हरकडे २७ किलो लागतात. कोरड्या वायरला ०.२ धरला तर ३७. गंजून माती भरलेल्या वायरला ०.३ धरला तर ५१ किलो. गुणांक तिप्पट झाला आणि वळणांनी खाल्लेला जोर ७ किलोवरून ३१ वर गेला. घाताचं गणित असंच वाढतं.

हा वाढीव ताण सगळ्यात जास्त असतो लिव्हरच्या टोकाला, म्हणजे नेमका निप्पलपाशी. ताण वाढला की निप्पल खोबणीत आणखी घट्ट रुतते, कमी फिरते, आणि तार आणखी वाकते. तेलाचा अभाव असा दोन्हीकडून मारतो.

आपल्याकडे याला हवामानाची साथ आहे. उन्हाळ्यात पांदण रस्त्यावरची मुरुमाची धूळ वरच्या तोंडातून आत जाते, चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे तर पारा ४५ च्या वर असतो आणि आतलं तेल वाळून चिकट होतं. मग पाऊस येतो. वायरचं एक तोंड वर हँडलपाशी असल्यामुळे पाणी नळीत उतरतं, खालच्या वळणात साचतं, काळ्या मातीचा बारीक गाळ सोबत नेतं. जुलैत तुटणाऱ्या वायरची तयारी एप्रिलपासून सुरू असते.

अमावास्येला वायर तुटली म्हणून हँडलला लिंबू-मिरची बांधणारे अनेक आहेत. तारेच्या थकव्याला तिथी कळत नाही. उलट लिंबाच्या रसात पाच-सहा टक्के सायट्रिक आम्ल असतं, आणि सुकत चाललेलं लिंबू लिव्हरजवळ ठिबकत राहिलं तर पोलाद गंजायला मदतच होते. दुसरीकडे टेफ्लॉनचं अस्तर असलेली वायर "आयुष्यभर बघायला नको" म्हणून खपवली जाते. अस्तरानं नळीतलं घर्षण खरंच कमी होतं, पण निप्पल जाम असेल तर तोंडाशी होणारा वाक तेवढाच राहतो. महागडी वायरही तिथेच तुटते.

आता वायर तुटलीच, आणि जवळचा मिस्त्री पंधरा किलोमीटरवर आहे. क्लचच्या प्लेटा स्प्रिंगनं एकमेकींवर दाबलेल्या असतात, वायर फक्त त्या सोडवायचं काम करते. म्हणजे वायर गेली तरी इंजिन आणि चाक जोडलेलेच आहेत, गाडी चालते. न्यूट्रलमध्ये किक मारा, बसून दोन्ही पायांनी गाडी रेटा, भरभर चालण्याइतका वेग आला की पहिला गिअर ठाम पण हलक्या पायानं टाका. हिसका बसेल, त्याची तयारी ठेवा. पुढचे गिअर सोपे असतात. गिअरबॉक्समधले दाते कायम एकमेकांत अडकलेलेच असतात. गिअर बदलताना त्यांच्या बाजूचे खुंट एका खाचेतून निघून दुसऱ्या खाचेत जातात. इंजिन ओढत असताना हे खुंट दाबले जाऊन घर्षणानं जखडतात. अ‍ॅक्सिलेटर सोडताना इंजिन ओढायचं थांबतं आणि अजून रोधायला लागलेलं नसतं, असा एक क्षण येतो. त्या क्षणी खुंटांवर दाब नसतो आणि ते अलगद सुटतात. म्हणून गिअरवर पायाचा हलका दाब ठेवून अ‍ॅक्सिलेटर पटकन सोडा, गिअर आपोआप पडतो.

थांबायच्या बरंच आधी, गाडी चालत असतानाच न्यूट्रल करा. न्यूट्रल सापडलं नाही तर ब्रेक दाबा, इंजिन बंद पडेल, पडू द्या. आठवडी बाजाराच्या गर्दीत, मागे बाई-मूल बसलेलं असताना हा प्रयोग करू नका, तिथे गाडी ढकललेलीच बरी. परतवाड्याहून सेमाडोहकडे जाणाऱ्यांसारखे घाटात असाल तर उतारावर न्यूट्रल अजिबात नको. खालच्या गिअरमध्ये इंजिनाचा रोध मिळत राहतो आणि ब्रेक तापत नाहीत.

तार निप्पलपाशीच तुटलेली असेल तर रस्त्यावरही एक उपाय आहे. सायकलच्या दुकानात स्क्रूनं आवळायची निप्पल मिळते, ती डिकीत ठेवावी. पण तार तीन-चार सेंटिमीटर आखूड झालेली असते, ती पोचणार कशी? बाहेरची नळी तेवढी कापायची. तार आणि नळी यांच्या लांबीतला फरक तेवढाच महत्त्वाचा, त्यामुळे नळी आखूड केली की तार लांब झाल्यासारखीच. कापलेलं तोंड कानसून गुळगुळीत करा, नाहीतर तिथेच तार घासेल. ही सोय घरी पोचण्यापुरती.

नवी वायर टाकताना जुनी ओढून काढण्याआधी तिच्या टोकाला दोरा बांधा, म्हणजे नवीला तोच रस्ता मिळेल. वरच्या तोंडाला प्लॅस्टिकच्या पिशवीचा कोपरा कापून नरसाळ्यासारखा बांधा आणि पातळ इंजिन ऑइल सोडा, खालून थेंब पडेपर्यंत. ग्रीस नळीत उतरत नाही, ते फक्त निप्पलच्या खोबणीला, तेही खोबण कापडानं पुसून झाल्यावर. निप्पल बोटानं फिरवून बघा; फिरत नसेल तर लिव्हर बसवू नका. लिव्हरच्या टोकाला दहा ते वीस मिलिमीटर मोकळी चाल, म्हणजे तार ओढली जाण्याआधीची सैल हालचाल, ठेवा, नाहीतर प्लेटा अर्धवट सुटलेल्या राहून जळतील. शेवटी हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून दोन्हीकडे ती चाल तपासा. कमी-जास्त होत असेल तर वायर कुठेतरी अडकते आहे किंवा ताणली जाते आहे. टाकीखालचा तिचा रस्ता बदला आणि पुन्हा बघा.