शालेय कलाशिक्षण (नागपूर)

चित्रकला, हस्तकला, संगीत, नृत्य व नाट्य यांचे शाळेच्या वेळापत्रकातून होणारे शिक्षण. नागपुरात काय किंवा राज्यात इतरत्र काय, कलेचा तास म्हणजे बहुधा चित्रकलेचाच तास. गाणे-नाटक स्नेहसंमेलनापुरते उरते.

या तासाला मान मिळतो तो मुख्यतः कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांमुळे. इंटरमिजिएटच्या अ, ब, क श्रेणींना दहावीत अनुक्रमे ७, ५ व ३ वाढीव गुण मिळतात. ‘चित्रं काढून पोट भरते का’ म्हणणारे पालकही मग पोस्टर कलर आणून देतात. मात्र स्मरणचित्रासाठी बाजार, बसथांबा, पाणवठा असे ठरावीक देखावे मुले घोकून जातात, तेव्हा विषयाचा जीवच जातो.

त्याच परीक्षेतले वस्तुचित्र मात्र खरी शाळा आहे. समोर तांब्या ठेवला, तर नवखे मूल त्याचे तोंड पुरते गोल काढते आणि बूड सरळ रेघेत. तोंड गोल असते आणि तांब्या सपाट जागी ठेवलेला असतो, हे त्याला ठाऊक असते म्हणून. प्रत्यक्षात वरून थोडे तिरपे पाहताना तोंड लंबगोल दिसते आणि बुडाची कड त्याहून अधिक बाकदार. ठाऊक असलेले आणि दिसणारे यांतला हा फरक हाताला कळायला बरेच कागद खर्ची पडतात. दुसऱ्या कुठल्या तासाला हे शिकवत नाहीत.

चित्रकलेने गणित सुधारते, असा प्रचार सध्या जोरात आहे. एलेन विनर व लोइस हेटलँड या अमेरिकन संशोधकांनी २००० साली आधीच्या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा दृश्यकलेमुळे इतर विषयांचे गुण वाढतात याला भक्कम आधार सापडला नाही. कलाशिक्षणाची बाजू मांडायला गणिताची हमी घेण्याचे कारणही नाही.

शेजारच्या वर्ध्यात ही बाजू फार पूर्वी मांडली गेली. १९३७च्या वर्धा शिक्षण परिषदेनंतर झाकिर हुसेन समितीने आखलेल्या अभ्यासक्रमात मूलोद्योग (सूतकताईसारखा हातउद्योग), मातृभाषा व गणित यांच्या पंक्तीत चित्रकला आणि संगीतही होते. शांतिनिकेतनात शिकलेले देवीप्रसाद १९४४ पासून सेवाग्रामच्या नई तालीममध्ये, म्हणजे गांधीजींच्या शिक्षणयोजनेच्या शाळेत, मुलांना चित्रकला शिकवत. त्यांच्या लेखी कला हा शिक्षणाचा पाया होता.

खुद्द नागपुरात सामग्रीची वाण नाही. महालातल्या चितार ओळीत गणपतीच्या दिवसांत माती मळण्यापासून डोळे रेखाटण्यापर्यंत सगळे काम रस्त्यावरून दिसते. तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी नंदी सजवतात. त्याच दिवशी काळी (१८८१ पासून) व पिवळी (१८८५ पासून) मारबत, म्हणजे मोठा पुतळा, मिरवणुकीने निघते, आणि सोबतचे बडगे म्हणजे महागाई-भ्रष्टाचारावर केलेली चालती-बोलती व्यंगशिल्पेच. अजब बंगला, म्हणजे १८६३चे मध्यवर्ती संग्रहालय, शाळेच्या सहलीत असते खरे. पण तिथे बसून मूर्तीचे रेखाटन करायला वेळ देणारी सहल विरळा.

अडचण शिक्षकांची आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीची पटसंख्या १०० हून अधिक असेल तरच कलाशिक्षक बंधनकारक केला, तोही अंशकालीन. लहान शाळांत हा तास ज्याला जमेल तो घेतो, आणि परीक्षा जवळ आल्या की तासच गणिताकडे जातो.