फीड कमी ठेवला तरी लाकूड का जळते?

नव्याने सीएनसी राऊटर, म्हणजे संगणकाच्या आज्ञांवर लाकूड कापणारे यंत्र, घेतलेला माणूस मदतीसाठी फोन करतो तेव्हा त्याचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: 'दादा, फीड किती ठेवू?' पलीकडून आकडा येत नाही, उलट चार प्रश्न येतात: बिट (कापणारे फिरते पाते) किती मिलिमीटरचा आहे, त्याला धारा किती आहेत, स्पिंडल (बिट फिरवणारी मोटर) किती आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला किती फेऱ्यांवर, फिरतो आहे आणि कापायचे काय आहे. विचारणाऱ्याला ही टाळाटाळ वाटते. गणपती महिन्यावर आले आहेत, कुडाळ-सावंतवाडीच्या गिऱ्हाइकांना एमडीएफची (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीची) मखरे कापून द्यायची आहेत, आणि समोरचा माणूस साधा एक आकडा सांगत नाही, हा त्याचा वैताग समजण्यासारखा आहे. परंतु त्या चार गोष्टी कळल्याशिवाय आकडा सांगताच येत नाही, आणि तो का सांगता येत नाही हे एकदा नीट समजले की पुढचे बरेचसे प्रश्न आपोआप सुटतात.

फीड म्हणजे बिट लाकडातून पुढे सरकण्याचा वेग. तो मिनिटाला इतके मिलिमीटर असा सांगतात. कापण्याच्या क्रियेत मात्र खरी महत्त्वाची असते ती ढलपीची जाडी, म्हणजे प्रत्येक धार एका फेऱ्यात लाकडाचा किती जाड थर उचलते ती. दोन धारांचा बिट मिनिटाला १८,००० फेरे घेत असेल, तर मिनिटभरात ३६,००० वेळा धार लाकडाला भिडते. फीड ३,६०० मिलिमीटर असेल तर प्रत्येक वेळी ०.१ मिलिमीटर जाडीची ढलपी निघते. ६ मिलिमीटरच्या बिटासाठी, बऱ्याचशा लाकडांत, सुरुवातीला एवढी जाडी योग्य असते. तोच ३,६०० चा आकडा एका धारेच्या बिटाला दिला तर ढलपी ०.२ मिलिमीटरची होते, आणि दोन धारांचाच बिट १२,००० फेऱ्यांवर चालवला तर ०.१५ मिलिमीटरची. आकडा एकच असला तरी बिटावर पडणारे काम तीन वेगवेगळ्या प्रकारचे आहे.

बिटाच्या जाडीचा परिणाम तर याहून मोठा असतो. गोल दांड्याचा ताठपणा त्याच्या व्यासाच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो, त्यामुळे ६ ऐवजी ३ मिलिमीटरचा बिट लावला, तर तेवढ्याच जोरात आणि तेवढ्याच लांबीत तो १६ पट वाकतो. बिट कोलेटमधून, म्हणजे त्याला पकडणाऱ्या चिमट्यातून, दुप्पट बाहेर काढला तर वाकणे ८ पट होते. नाजूक नक्षीसाठी बारीक आणि लांब बिट घेऊन शेजारच्या कारखान्यातला फीड जसाच्या तसा वापरला की बिट का मोडतो, ते या दोन आकड्यांवरून कळते.

बिट मोडण्याच्या भीतीने बहुतेक नवशिके फीड खूप कमी ठेवतात, आणि माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान याच समजुतीमुळे होते. कोणतीही धार कितीही तीक्ष्ण दिसली, तरी तिचे टोक सूक्ष्म प्रमाणात गोलसर असते. कार्बाइड या कठीण मिश्रधातूच्या नव्या बिटाच्या बाबतीत ही गोलाई काही मायक्रॉनची असते आणि झिजेबरोबर ती वाढत जाते. ढलपीची जाडी या गोलाईच्या जवळपास आली की धार लाकडात शिरण्याऐवजी त्यावर घासू लागते. सुताराने रंध्यावर पुरेसा दाब दिला नाही की पाते लाकूड न सोलता वरून घसरत जाते, तसाच हा प्रकार आहे. वरच्या उदाहरणात फीड ६०० वर आणला तर ढलपी जेमतेम ०.०१७ मिलिमीटरची उरते. घर्षणाने उष्णता तयार होते. ढलपी जाड असती तर बरीचशी उष्णता ती आपल्याबरोबर घेऊन गेली असती. लाकूड स्वतः उष्णतेचे मंद वाहक असल्याने ती धारेजवळच साठते, कड काळी पडते, धार लवकर बोथट होते आणि बोथट धार आणखी घासते. भुसा ओढणाऱ्या पिशवीत असे एखादे धुमसते कण गेले तर आगही लागू शकते. म्हणून चालू यंत्र सोडून कोणी जेवायला जाऊ नये, हे मी आवर्जून सांगेन.

याच संदर्भात शेवटच्या सफाईच्या पासचा, म्हणजे कडेवरून बिट फिरवण्याच्या शेवटच्या फेरीचा, विचार करायला हवा. बिट पूर्ण रुंदीने खाच पाडत असताना ढलपीची कमाल जाडी वर केलेल्या हिशेबाच्या सूत्रातून (फीडला फेरे आणि धारा यांच्या गुणाकाराने भागून) येते तेवढी असते. परंतु बिट कडेवरून व्यासाच्या केवळ १० टक्के लाकूड काढत असेल तर भूमितीमुळे ती जाडी सूत्रातल्या आकड्याच्या ६० टक्केच भरते. सफाईच्या पासला फीड कमी करण्याची सवय असते, तिथे प्रत्यक्षात तो थोडा वाढवावा लागतो.

दुसऱ्या प्रकारचे प्रश्न एककांचे असतात, आणि त्यांची उत्तरे सोपी आहेत. काही सॉफ्टवेअरमध्ये फीड सेकंदाला मिलिमीटर असा भरता येतो, काहींत मिनिटाला. ६० आणि ३,६०० हे एकाच वेगाचे दोन आकडे आहेत, आणि अदलाबदल झाली तर चूक ६० पटींची होते. फाइल इंचांत आणि यंत्र मिलिमीटरमध्ये असेल तर फरक २५.४ पटींचा पडतो. जी-कोडमध्ये, म्हणजे यंत्राला दिल्या जाणाऱ्या आज्ञांच्या ओळींत, एफ या अक्षरापुढे लिहिलेला फीड, दुसरा आकडा येईपर्यंत पुढच्या सर्व ओळींना लागू राहतो, आणि जी-० या रिकाम्या हालचालीला तो लागूच होत नाही. बिट लाकडात खाली उतरवण्याचा वेग नेहमी वेगळा आणि बराच कमी द्यावा, कारण बहुतेक बिट बाजूने कापण्यासाठी घडवलेले असतात.

'मी ३,६०० दिला आहे, मग यंत्र हळू का चालते?' हा प्रश्न जाळीचे काम करणाऱ्यांकडून हमखास येतो. ३,६०० म्हणजे सेकंदाला ६० मिलिमीटर. यंत्राचा प्रवेग असा ठेवला असेल की दर सेकंदाला वेग सेकंदाला ५०० मिलिमीटरने वाढतो, तर शून्यापासून हा वेग गाठायला ३.६ मिलिमीटर अंतर लागते आणि थांबायला तेवढेच. दोन तीव्र कोपऱ्यांमधली रेघ ७.२ मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर दिलेला वेग तिथे कधीच गाठला जात नाही. जीआरबीएलसारखी नियंत्रण-प्रणाली (यंत्राच्या मोटरी चालवणारा प्रोग्राम) आज्ञांच्या पुढच्या ओळी आधीच वाचून वेगाचे नियोजन करते, तरीही तीव्र कोपऱ्यावर यंत्राला मंदावेच लागते. स्पिंडल मात्र पूर्ण वेगाने फिरतच राहतो. परिणामी कोपऱ्यात ढलपी पातळ होते, धार घासते, आणि मखराच्या जाळीत सरळ कडा स्वच्छ पण कोपरे काळे असे चित्र दिसते. येथे फीडचा आकडा वाढवून काहीही साधत नाही. जाळीत प्रत्यक्ष वेग १,२०० च्या आसपास मिळत असेल, तर एका धारेचा बिट १२,००० फेऱ्यांवर चालवावा. ढलपी पुन्हा ०.१ मिलिमीटरची होते. फेरे कमी करताना स्पिंडलच्या पुस्तिकेत दिलेल्या किमान वेगाखाली मात्र जाऊ नये.

या विषयाचा पाया धातुकामात घातला गेला. अमेरिकेतील अभियंते फ्रेडरिक टेलर यांनी २६ वर्षांच्या प्रयोगांचे निष्कर्ष १९०६ साली मांडले, तेव्हा योग्य वेग ठरवण्यासाठी त्यांना बारा घटक विचारात घ्यावे लागले होते. मदत करणारा माणूस चारच विचारतो, हे त्या मानाने पुष्कळ कमी आहे.

कोकणात या चार घटकांत पाचवा मिसळतो, तो हवेतल्या ओलाव्याचा. हवेची आर्द्रता ५० टक्के असताना लाकडात साधारण ९ टक्के पाणी टिकते. ती बराच काळ ९० टक्क्यांवर राहिली तर हे प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास जाते. बिटाबरोबर मिळणारे तक्ते सामान्यतः सुक्या लाकडासाठी असतात. आषाढ-श्रावणात उघड्या पडवीत ठेवलेल्या आंब्याच्या फळीचे तंतू स्वच्छ तुटत नाहीत, कडेला लव राहते आणि ओलसर भुसा बिटाच्या खाचांत दाटतो. अशा वेळी फीडपेक्षा एका पासची खोली कमी करणे आणि भुसा सतत ओढून घेणे अधिक उपयोगी पडते. सागात सिलिका (वाळूतला कठीण पदार्थ) असते आणि त्यामुळे धार लवकर जाते, म्हणून सकाळी ठीक चाललेला फीड संध्याकाळी कड जाळू लागला, तर आधी बिट तपासावा. माडाची फळी सर्वांत फसवी. खोडाचा बाहेरचा भाग घट्ट आणि कठीण, आतला मऊ, त्यामुळे एकाच फळीत एका कडेला योग्य असलेला फीड दुसऱ्या कडेला तंतू उपटतो. अशा फळीचे घट्ट आणि मऊ भाग आधीच वेगळे कापून घेतलेले बरे.

पहिली चाचणी टाकाऊ तुकड्यावर घ्यावी. तक्त्यातली ढलपीची सर्वांत कमी जाडी धरून फीड काढावा, खोली बिटाच्या व्यासाच्या निम्मी ठेवावी, आणि यंत्र चालू असताना ओव्हरराइडने (चालू कामात वेग बदलण्याच्या सोयीने) फीड दहा-दहा टक्क्यांनी वाढवत आवाज ऐकावा, ढलपी पाहावी. हाताला लागणारे सुटे तुकडे निघत असतील तर फीड योग्य मार्गावर आहे. पिठासारखी पूड निघत असेल तर तो अजून कमी आहे. एमडीएफला ही कसोटी लागू पडत नाही, कारण तो मुळात बारीक तंतू दाबूनच बनवलेला असतो आणि फीड कितीही अचूक असला तरी त्याची पूडच होते. तिथे काप पूर्ण झाल्यावर स्पिंडल पूर्ण थांबवावा, वीज बंद करावी आणि बिटाच्या दांड्याजवळ जपून बोट न्यावे. बिट कोमट असेल तर चालेल, बोट टेकवता येत नसेल तर फेरे कमी करावेत.