एलएलसी : अमेरिकेतील राज्य विवरणपत्रे

अमेरिकेत ‘लिमिटेड लायबिलिटी कंपनी’ म्हणजे एलएलसी या प्रकारात नोंदलेल्या व्यवसायाला केंद्र सरकारच्या आयकर विवरणपत्राखेरीज राज्यांकडे जी विवरणपत्रे, अहवाल व शुल्क भरावे लागते, त्या सर्व जबाबदाऱ्या. नाव सारखे वाटले तरी एलएलसी म्हणजे भारतातील एलएलपी (मर्यादित दायित्व भागीदारी) नव्हे. भारतात शेतीबाहेरच्या उत्पन्नावर आयकर लावण्याचा अधिकार फक्त केंद्राला आहे. महाराष्ट्रासारख्या राज्याकडे उरतो तो व्यवसाय कर, आणि त्यालाही राज्यघटनेने वर्षाला २,५०० रुपयांची कमाल मर्यादा घातलेली आहे. त्यामुळे एकाच उत्पन्नासाठी दोन सरकारांना दोन विवरणपत्रे द्यायची, ही गोष्ट मराठी वाचकाला नवखी असते आणि चुका बहुधा तिथेच होतात.

एलएलसीचा पहिला कायदा १९७७ साली वायोमिंग राज्याने केला. हॅमिल्टन ब्रदर्स या तेल कंपनीने त्यासाठी पाठपुरावा केला होता. भागीदारीसारखी कर आकारणी आणि कंपनीसारखे मर्यादित दायित्व, म्हणजे व्यवसायाच्या कर्जाला मालक व्यक्तिशः जबाबदार नसणे, एकत्र मिळावे, हा हेतू. अमेरिकेच्या केंद्रीय महसूल खात्याने १९८८ मध्ये ही रचना मान्य केल्यावर इतर राज्ये भराभर पुढे आली. १९९७ पासून कर कोणत्या पद्धतीने लागावा, हे एलएलसीला स्वतःच निवडता येते. निवड केली नाही, तर एका मालकाची एलएलसी आयकरापुरती मालकापासून वेगळी धरत नाहीत आणि अनेक मालकांची असेल तर ती भागीदारी समजतात. दोन्ही बाबतींत केंद्रीय आयकर मालकाच्या विवरणपत्रातून भरला जातो. बहुतेक राज्ये हेच वर्गीकरण मानतात. मात्र ते मानूनही कंपनीवर स्वतंत्र आकारणी करायला राज्य मोकळे असते.

कॅलिफोर्निया हे याचे सर्वांत ठळक उदाहरण. तेथे एलएलसीला दरवर्षी किमान ८०० डॉलर कर पडतो, नफा झालेला असो वा नसो. कॅलेंडर वर्ष पाळणाऱ्या जुन्या कंपनीने तो १५ एप्रिलपर्यंत फॉर्म ३५२२ सोबत भरायचा. शिवाय राज्यातील एकूण उत्पन्न अडीच लाख डॉलरवर गेले की वेगळे शुल्क लागते. ते ९०० डॉलरपासून सुरू होते आणि ५० लाखांच्या पुढे ११,७९० डॉलर होते. हे शुल्क नफ्यावर नसून खर्च वजा करण्याआधीच्या रकमेवर आहे, म्हणून कमी नफ्यावर मोठी उलाढाल करणाऱ्याला ते जास्त बोचते. वर्षाचे विवरणपत्र फॉर्म ५६८. केंद्र ज्या एकट्या मालकाच्या एलएलसीकडे वेगळे विवरणपत्र मागत नाही, तिलाही हा फॉर्म चुकत नाही. भरणा थकला तर राज्य कंपनी निलंबित करते, आणि निलंबित कंपनीला न्यायालयात दावा लावता येत नाही की तिच्यावरच्या दाव्यात बचावही करता येत नाही.

टेक्ससमध्ये वैयक्तिक आयकर नाही, म्हणून ‘तिथे काही भरावे लागत नाही’ असा समज पसरलेला आहे. तो चुकीचा आहे. तेथे एलएलसीवर फ्रँचाइझ टॅक्स आहे. दुकानाच्या फ्रँचाइझीशी त्याचा संबंध नाही, राज्यात कंपनी म्हणून व्यवहार करू दिल्याबद्दलची ती आकारणी आहे. २०२४ व २०२५ साठी २४ लाख ७० हजार डॉलरपर्यंतच्या उलाढालीवर कर शून्य होता, तरी मालक-व्यवस्थापकांची माहिती देणारा अहवाल १५ मेपर्यंत द्यावाच लागतो. तो न दिल्यास कंपनीचे हक्क जप्त होतात आणि त्यानंतरच्या कर्जाची जबाबदारी व्यवस्थापकांवर व्यक्तिशः येऊ शकते. ज्या मर्यादित दायित्वासाठी कंपनी काढली, तेच एका न भरलेल्या कागदामुळे धोक्यात येते.

डेलावेअरची रीत याहून सोपी. एलएलसीला वार्षिक अहवाल नाही. १ जूनपर्यंत ३०० डॉलर भरायचे, चुकल्यास २०० डॉलर दंड आणि महिन्याला दीड टक्का व्याज. वायोमिंगमध्ये वार्षिक अहवालाचे किमान शुल्क ६० डॉलर आहे. न्यूयॉर्क आयटी-२०४-एलएल या फॉर्मवर शुल्क घेते. एका मालकाच्या कंपनीला ते २५ डॉलर, तर भागीदारी धरलेल्या कंपनीला राज्यातील उत्पन्नानुसार ४,५०० डॉलरपर्यंत.

हे स्वस्त आकडे पाहून डेलावेअर किंवा वायोमिंगमध्ये नोंदणी करणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी : कर फक्त नोंदणीच्या गावावर ठरत नाही, काम जिथे चालते त्यावरही ठरतो. कॅलिफोर्नियातील सॅन होजेत राहून डेलावेअरची एलएलसी चालवणाऱ्याने डेलावेअरचे ३०० डॉलर भरायचेच, आणि कॅलिफोर्नियात ‘परराज्यातील कंपनी’ म्हणून नोंदणी करून तिथले ८०० डॉलर व फॉर्म ५६८ सुद्धा. बचत करायला जाऊन खर्च उलट वाढतो.

‘काम चालते’ म्हणजे नेमके काय, यावर वाद झालेले आहेत. आयोवातील एका कंपनीचा कॅलिफोर्नियातील एलएलसी फंडात फक्त ०.२ टक्के वाटा होता. तेवढ्यावरून तिच्याकडे ८०० डॉलर मागितले गेले. व्यवस्थापनात काहीच सहभाग नसल्याने ती तिथे व्यवसाय करत नाही, असा निकाल कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने २०१७ मध्ये दिला. विक्रीकराबाबत मात्र वारे उलट वाहिले. साउथ डकोटा विरुद्ध वेफेअर या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ठरवले, की राज्यात दुकान वा गोदाम नसलेल्या विक्रेत्यालाही कर गोळा करायला लावता येईल. साउथ डकोटाची मर्यादा तेव्हा वर्षाला एक लाख डॉलरची विक्री किंवा २०० व्यवहार अशी होती.

पुणे-मुंबईत बसून अमेरिकन ग्राहकांसाठी एलएलसी काढणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी. भारत-अमेरिका यांच्यातला, एकाच उत्पन्नावर दोनदा कर लागणे टाळण्याचा करार अमेरिकेच्या फक्त केंद्रीय आयकराला लागू आहे. राज्यांचे कर त्यात नाहीत, त्यामुळे करारातील सवलत राज्याच्या विवरणपत्रात गृहीत धरता येत नाही. परदेशी व्यक्तीच्या एकहाती मालकीच्या एलएलसीला मालकाशी झालेल्या व्यवहारांसाठी केंद्राकडे फॉर्म ५४७२ द्यावा लागतो. न दिल्यास दंड २५,००० डॉलरचा. उत्पन्न शून्य असले तरी मालकाने घातलेले भांडवल हा व्यवहारच मानला जातो.

व्यवसाय थांबला म्हणून ही जबाबदारी आपोआप संपत नाही. कॅलिफोर्नियात ‘अंतिम’ अशी खूण केलेले विवरणपत्र द्यावे लागते आणि त्यानंतर बारा महिन्यांच्या आत राज्याच्या सचिवांकडे (कंपन्यांची नोंदणी ठेवणारे कार्यालय) नोंदणी रद्द करण्याचे कागद दाखल करावे लागतात. तोवर ८०० डॉलरची आकारणी वर्षामागून वर्षे चालूच राहते. डेलावेअरमध्ये सलग तीन वर्षे कर थकला की राज्य स्वतःच नोंदणी रद्द करते, पण थकबाकी माफ होत नाही.