गोधडीत अडकलेली हवा

थंडीच्या दिवसांत आमच्याकडे विरजण लावलं की पातेलं जुन्या शालीत गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवतात. सकाळी दही घट्ट लागलेलं असतं. ओट्यावर उघडं राहिलेलं विरजण मात्र तसंच पातळ. शाल दुधाला ऊब देते, असं आपण सहज म्हणून जातो. पण शालीकडे स्वतःची ऊब नसतेच. कोमट दुधातली उष्णता ती हळूहळू बाहेर जाऊ देते आणि तेवढ्यावर दह्याच्या जिवाणूंचं काम भागतं. रसवंतीवाला बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून भुशात ठेवतो तेही याचसाठी. फक्त तिथे उष्णता आत शिरू द्यायची नसते.

कुठला पदार्थ उष्णता किती सहज जाऊ देतो, हे उष्णतावाहकतेच्या आकड्यावरून कळतं. एक मीटर लांब, रुंद आणि जाड असा ठोकळा घ्या. त्याच्या समोरासमोरच्या दोन बाजूंच्या तापमानात एका अंशाचा फरक असताना आरपार किती वॅट उष्णता जाते, तो हा आकडा. तांब्याचा ४००च्या आसपास, अ‍ॅल्युमिनियमचा साधारण २३५, स्टेनलेस स्टीलचा अवघा १५. काचेचा १, पाण्याचा ०.६, लाकडाचा ०.१ ते ०.२. लोकर आणि पिंजलेला कापूस ०.०४च्या जवळपास, थर्माकोल ०.०३५. आणि स्थिर हवा ०.०२६.

लोकर, कापूस, थर्माकोल हे तिघेही हवेच्या इतके जवळ का, याचं उत्तर त्यांच्या पोटात आहे. थर्माकोलचा तुकडा म्हणजे जवळजवळ सगळी हवाच.

पण मोकळी हवा एका जागी थांबत नाही. तापली की वर जाते, तिच्या जागी गार हवा येते आणि उष्णता पळते. धागे तिला बारीक बारीक पोकळ्यांत डांबून ठेवतात. खरी करामत आहे ती एवढीच, आणि मला ती फार सुंदर वाटते. वर्षानुवर्षं वापरून दबलेली गादी थंड लागते ती यामुळेच. पूर्वी पिंजारी दारात बसून ताणलेल्या तातीच्या झटक्यांनी तोच कापूस मोकळा करायचा. नवा कापूस न घालताही गादी पुन्हा उबदार व्हायची, कारण आत हवा परत आलेली असायची.

ओल्या कपड्यात याच्या उलट होतं. हवेची जागा पाणी घेतं, आणि पाणी हवेच्या वीसपट तरी जास्त उष्णता वाहून नेतं. शिवाय ते वाळताना अंगातली उष्णताही घेतं. पावसाळी ट्रेकला जीन्स घालू नका असं सांगतात ते उगाच नाही. ओली लोकर त्या मानाने बरी, कारण तिचे कुरळे तंतू ओलेपणीही पूर्ण चपटे होत नाहीत.

मग हवाही नको म्हटलं तर? स्कॉटिश शास्त्रज्ञ जेम्स ड्यूअर यांनी १८९२ मध्ये तेच केलं. एकात एक अशी दोन काचेची भांडी घेतली आणि मधली हवा उपसून काढली. पोकळीतूनही किरणांच्या रूपाने उष्णता निसटतेच, म्हणून काचेला चांदीचा मुलामा दिला. आपला थर्मास तो हाच. चहाने भरलेल्या थर्मासला बाहेरून हात लावून पाहा. अंग गार लागेल, आणि ऊब जाणवलीच तर ती झाकणापाशी, जिथे दोन भिंती एकमेकींना भेटतात आणि मधली पोकळी संपते.